चार बोटांची फट

मागच्या डाव्या चाकाचं व्हील कॅप कुठेतरी उडून गेलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. राखाडी प्लास्टिकची ती थाळी गेली तसं आतलं काळं लोखंडी चाक उघडं पडलं. गंजाचे चार ठिपके, नटांवर वाळलेला चिखल. सात वर्षं मी ही गाडी रोज बघत होतो, पण तिची चाकं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आणि एकदा चाकं दिसायला लागली की दुसरं काही दिसेना. सिग्नलला थांबलो की नजर शेजारच्या गाडीच्या दाराखाली. पार्किंगमधून चालताना मान खाली. काही हरवलंय का, असं एकदा वॉचमनने विचारलंही.

मग ती फट दिसली. टायरचा वरचा काठ आणि मडगार्डची कमान यांच्यामधली. उकिडवा बसून हात घातला. चार बोटं आडवी, आरामात गेली. आमची गाडी म्हणजे अगदी घरची गाडी. आईला दवाखान्यात न्यायचं, मुलीला क्लासला सोडायचं, वर्षातून दोनदा लांबचा प्रवास. कुणी वळून बघावं अशी तिची कधीच अपेक्षा नव्हती. अपेक्षा माझी होती. उंची वाढलेल्या पोराच्या पायात जुनी आखूड पँट दिसावी तशी मला ती फट दिसायला लागली, आणि त्या पोराचा बाप मीच असल्यासारखी लाज वाटायला लागली. चाळिशी उलटलेल्या माणसाने याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. केस काळे करणं मी तोवर टाळलं होतं. ते इथे बाहेर पडलं असावं.

मोटारीची चित्रं काढणारे डिझायनरही याच रोगाचे. पहिल्या रेखाटनात चाकं हटकून अवाढव्य, टायर म्हणजे भोवतीची नुसती काळी रेघ, आणि फट नाहीच. पुढे खरी गाडी बनते तेव्हा इंजिनिअर येतो आणि विचारतो, चाक वर उचलल्यावर जाईल कुठे? पण आपल्या डोळ्यांना ते चित्र आवडलेलं असतं. मलाही ते आवडलं होतं, आणि माझ्या ओळखीत इंजिनिअर कुणी नव्हता.

पंधरवडाभर मी अभ्यास केला. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचायला शिकलो. आमच्या गाडीचा टायर १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची, उंची रुंदीच्या ६५ टक्के. आणि आतलं चाक १५ इंची. गंमत अशी की एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिहेरी संसार आहे आणि तो सुखाने चाललाय. हिशेब केला तर साइडवॉल १२० मिलिमीटर, आणि जमिनीपासून वरच्या काठापर्यंत सगळा टायर साधारण ६२१ मिलिमीटर. हा शेवटचा आकडा राखायचा, हा सगळ्या खेळाचा पहिला नियम. तो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो, कारण त्याला रस्ता दिसत नाही. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर मोठा झाला की फेऱ्या कमी पडतात आणि काटा खरा वेग लपवतो. युरोपातल्या आणि इतर बऱ्याच देशांतल्या नियमात काट्याने वेग थोडा जास्त दाखवलेला चालतो, कमी दाखवलेला अजिबात चालत नाही.

तर चाक मोठं करायचं आणि एकूण उंची राखायची म्हणजे रबर कमी करायचं. १६ इंची चाकाला १९५/५५. १७ इंचीला २०५/४५. दोन्ही हिशेबात बसतात. पहिल्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक, दुसऱ्यात पाच. कागदावर शहाणा माणूस सोळा घेतो. मीही सोळाच ठरवून गेलो होतो. टायरवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं. असे किती आले आणि गेले ते त्या नजरेत होतं. "साहेब, सोळा बसवाल तर बसवल्यासारखं वाटणारच नाही." या एका वाक्यावर मी सतरा घेतले. पंधरवड्याचा अभ्यास त्याच्या काउंटरवर राहिला.

चाकं बसली ती संध्याकाळ मात्र झकास होती. पाच जोडस्पोकांची, गडद राखाडी रंगाची, कडेला चकचकीत मशीनकट. घरी येऊन गाडी दिव्याखाली लावली. मुलगी खाली आली, म्हणाली, "बाबा, आपली गाडी आहे?" या प्रश्नासाठीच तर सगळा खर्च केला होता. ती वर गेल्यावर मी सवयीने उकिडवा बसलो आणि कमानीखाली हात घातला.

चार बोटं आडवी, आरामात गेली.

मी पुन्हा घातली. दुसऱ्या चाकाला घातली. मग हसू आलं, कारण उत्तर पंधरा दिवस माझ्याच वहीत होतं. एकूण उंची राखायची, हाच तर नियम. चाक दोन इंचांनी मोठं झालं, पण ते वाढलं आतल्या बाजूने, रबर खाऊन. वरचा काठ होता तिथेच राहिला. उलट पाच मिलिमीटर व्यास घटल्यामुळे फट केसभर वाढलीच होती. ज्या फटीसाठी हे केलं तिला कुणी हातही लावला नव्हता. कमी झालं होतं ते १२० मिलिमीटरचं रबर ९२ वर. अठ्ठावीस मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीहून थोडं जास्त. एवढ्याशाने काय होतंय, असं तेव्हा वाटलं.

पहिले काही दिवस त्रास वेगळाच झाला. नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग केलं, पुन्हा केलं, शिशाचे तुकडे इकडून तिकडे झाले, थरथर तशीच. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने चाक काढलं, हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधल्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "चाक नटांवर लटकतंय." मग त्याने समजावलं. कंपनीच्या चाकाचं मधलं भोक हबवर नेमकं बसतं. आमच्या गाडीचा हब ५४.१ मिलिमीटरचा. बाहेरची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, माझ्या चाकांचं ७३.१ होतं. मधल्या जागेत हब रिंग नावाची एक कडी बसवायची असते. बांगडीसारखी. प्लास्टिकची, हलकी, अगदी क्षुल्लक. माझ्या चाकांना ती घातलीच नव्हती. चार कड्या बसल्या आणि स्टिअरिंग शांत झालं. नट जुळले म्हणजे चाक जुळलं, असं मी समजत होतो. नट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर, म्हणजे ४×१०० आहे की ५×११४.३, एवढंच सगळे विचारतात. ११४.३ हा विचित्र आकडा म्हणजे साडेचार इंचच, फक्त मिलिमीटरचे कपडे घातलेले.

ऑफसेटचं तर कुणी नावच काढत नाही. चाकाच्या मागच्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा असतो. चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर, ते त्यात सांगितलेलं असतं. माझी जुनी चाकं ६ इंच रुंद, ईटी ४५. नवी ७ इंच रुंद, ईटी ४०. रुंदीचा अर्धा इंच आणि ऑफसेटचे पाच मिलिमीटर मिळून चाकाची बाहेरची कड जवळजवळ १८ मिलिमीटर बाहेर आली. दिसायला हीच गोष्ट सगळ्यात छान. चाक कमानीच्या रेषेत येतं आणि गाडी पाय रोवून उभी राहिल्यासारखी दिसते. पण मागे तिघं बसले आणि डिकीत बॅगा पडल्या की खड्ड्यात 'खर्र' असा आवाज यायचा. कमानीची आतली कड टायर खरवडत होती. तेव्हा मला ती फट कशासाठी असते ते कळलं, आणि तेही कानाने. गाडी रिकामी उभी असताना ती रिकामी दिसते. माणसं बसली की भरते. मी आयुष्यभर गाडी उभी असतानाच निरखत होतो.

आई मागे डाव्या बाजूला बसते. पहिल्याच फेरीत तिने विचारलं, "गाडीला काय केलंस रे? रस्ता बोचतोय." मी म्हटलं, नवीन टायर आहेत, थोडे मऊ होतील. टायर काही चपला नव्हेत की वापरून सैल होतील, हे मलाही ठाऊक होतं. रबराची ती अठ्ठावीस मिलिमीटर म्हणजे खरं तर हवा होती. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्याही आधी रस्त्याचा पहिला धक्का खाणारी उशी. ती पातळ झाली की बारीक खडी, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्यांवरची पोलादी पट्टी, सगळं थेट पाठीत यायला लागतं. मला ते स्टिअरिंगमधून कळायचं आणि सुरुवातीला आवडायचंही. वळणावर गाडी कशी चटकन वळते, रस्ता कसा हातात येतो. स्टिअरिंग धरणाऱ्याला हे सगळं बातमीसारखं मिळतं. मागे बसलेल्याला नुसता मार मिळतो. थोड्याच दिवसांत आईला सवय लागली. पुढे स्पीडब्रेकर दिसला की ती बोलणं न थांबवता हात वर करायची आणि खिडकीवरचं हँडल धरायची. मी आरशात बघायचो. मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी तिचा हात हँडलवर.

एका रविवारी वजनकाटा खाली नेला. घरातला, माणसं उभी राहतात तो. माळ्यावरचं जुनं चाक टायरसकट साडेपंधरा किलो भरलं. नवं काढून ठेवलं, साडेएकोणीस. मी काटा हलवून पुन्हा ठेवला. अलॉय म्हणजे हलकं, हे आपण इतकं ऐकलेलं असतं की कुणी तोलून बघत नाही. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा हलका खराच. पण तो तितका कणखर नाही, म्हणून त्याला जाडी द्यावी लागते. त्यात चाक दोन इंचांनी मोठं आणि इंचाने रुंद. घडवलेलं, म्हणजे फोर्ज्ड, चाक खरंच हलकं होतं. साच्यात ओतलेलं स्वस्त चाक व्हायलाच पाहिजे असं नाही. दर चाकामागे चार किलो. डिकीत चार किलो टाकले तर गाडीला पत्ताही लागत नाही. चाकात टाकले तर ते फिरवावे लागतात, थांबवावे लागतात, आणि प्रत्येक खड्ड्यावर उचलून आपटावे लागतात. स्प्रिंगच्या खालचं वजन स्प्रिंगला सावरावं लागतं, वरचं वजन स्प्रिंगवर आरामात बसतं. एवढा हिशेब झाल्यावर सिग्नलवरून उठताना गाडी जरा सुस्त वाटते ती का, हेही समजलं.

१९२४ साली एतोरे बुगाटीने टाइप ३५ ही शर्यतीची गाडी लियाँच्या ग्रां प्रीला आणली तिला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं होती, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रमही चाकातच ओतलेला. वजन कमी, चाक काढलं की ब्रेक समोर उघडा. शोभेसाठी त्यात काही नव्हतं, तरी आजही मोटारीच्या चाकात त्याहून देखणं फार थोडं झालंय. त्या शर्यतीत त्या गाड्यांचा घात टायरांनीच केला. टायरांवरचा रबराचा थर सुटून यायला लागला. साठच्या दशकात पोर्शेने ९११ एसला फुक्स कंपनीची घडवलेली चाकं दिली, तीही वजन वाचवावं म्हणूनच. त्यांनी किलो वाचवायला जे केलं त्याची नक्कल करण्यासाठी मी गाडीवर सोळा किलो चढवले होते.

रुंद टायर रस्ता जास्त धरतो, हा दुसरा समज. गाडी आणि माणसं मिळून बाराशे किलो धरा, एका चाकावर तीनशे. हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकलेलं रबर साधारण १३३ चौरस सेंटिमीटर निघतं. एक पोस्टकार्ड. टायर रुंद केला म्हणून पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही. आडवं होतं, इतकंच. कोरड्या वळणावर त्याचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण साचलेल्या पाण्यावर आडव्या पोस्टकार्डाला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात आणि ते लवकर तरंगायला लागतं.

पाण्याचीच गोष्ट पुढची. पावसाळी रात्र, आई आणि मुलगी मागे. समोर डबकं, खोली कळत नव्हती. वेग चाळीसच असेल. आधी एक कोरडा 'ठक', धातूचा, आणि पाठोपाठ गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून मोबाइलचा दिवा मारला. पुढच्या डाव्या चाकाची मशीनकट कड आत दुमडली होती आणि तिथूनच हवा फुसफुसत होती. तिच्या शेजारी साइडवॉलवर अंगठ्याएवढा फुगा. हा फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले. चाकाची कड आणि खड्ड्याची कड यांच्या चिमट्यात रबर सापडतं, धागे तुटतात आणि हवा त्या जागी बाहेर ढकलते. पंक्चरसारखा तो बुजवता येत नाही. टायर गेला तो गेला.

ठीक आहे, स्टेपनी काढू. स्टेपनी जुनीच, पंधरा इंची लोखंडी. जॅक लावला. पाना नटांना लावला तर बसेना. अलॉयच्या खोल, अरुंद भोकांसाठी बारीक नट दिले होते आणि त्यांना पान्याआधी एक किल्ली लावावी लागते. छोटीशी, बोटभर लांब. ती किल्ली घरी होती. कपाटाच्या दुसऱ्या खणात, पावतीसोबत, हरवू नये म्हणून नीट जपून ठेवलेली.

बायको ती घेऊन येईपर्यंत तास गेला. आई गाडीत बसून राहिली, मुलगी तिच्या मांडीवर झोपली. एका शब्दानेही कुणी काही बोललं नाही, आणि त्यामुळे तो तास फार लांब झाला. किल्ली आली, चाक निघालं, स्टेपनी लावायला घेतली तर ती हबला टेकेना. अर्धा सेंटिमीटर अलीकडेच अडकायची. पावसात मला कळायला दहा मिनिटं लागली. ती प्लास्टिकची कडी, हब रिंग, चाकाबरोबर न येता हबवरच चिकटून राहिली होती, आणि मूळ चाकाच्या भोकात तिच्यासाठी जागाच नव्हती. स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढली तेव्हा तुटली. तो तुकडा माझ्याकडे अजून आहे.

टायर बदलायला मी दुसऱ्याच माणसाकडे गेलो. त्याने उरलेल्या तीन टायरांवर हात फिरवत विचारलं, "आधीच्या टायरवर ८८ होतं ना? यावर ८४ आहे." आकाराच्या पुढे छापलेला हा भार निर्देशांक. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे, ८४ म्हणजे ५००. याच मापात ८८ चा, एक्सएल लिहिलेला, मजबूत टायर मिळतो. मला साधा दिला होता. मूळच्यापेक्षा कमी आकडा घालायचा नाही, हे पंधरवड्याच्या माझ्या वहीत कुठेच नव्हतं. चार टायर मिळून २४० किलोंची उसंत मी काढून घेतली होती, आणि वर माणसं बसवून लांबचे प्रवास केले होते. त्याने चाक उलटं करून मागची बाजूही पाहिली. जेडब्ल्यूएल, व्हीआयए अशी जपानी चाचणीची अक्षरं असतात म्हणाला. माझ्या चाकांवर होती. निदान तेवढं.

सतरा इंची चाकं मी विकली. घ्यायला एक तरुण आला, गाडी आमच्याच मॉडेलची. त्याला मी सगळं सांगितलं. ८४ चे टायर काढून टाक, ८८ चे घाल, हब रिंगा घे, एक तुटलीय ती वेगळी आण, किल्ली गाडीतच ठेव, नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घे, विमा कंपनीला कळव. तो मान हलवत होता. हात मात्र स्पोकवरून फिरत होता. मग त्याने आपल्या गाडीपाशी उकिडवं बसून कमानीखाली बोटं घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, ही गॅप भरेल ना?"

मी १६ इंची घेतली. ६ इंच रुंद, ऑफसेट मूळचाच ४५, टायर १९५/५५, एक्सएल, मूळच्या ८८ पेक्षा वरचेच, ९१ चे. वजन करूनच घरी आणली. साइडवॉल १०७ मिलिमीटर; तेरा मी ठेवून घेतले, बाकीचे परत दिले. पुन्हा पंधरावर जायला हवं होतं, असं बायको म्हणते आणि तिचं बरोबर आहे. टायरवाल्याचंही खरं ठरलं, बसवल्यासारखं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, अजूनही, सकाळी गाडीकडे चालत जाताना.

खर्र आवाज गेला, रस्ता बोचायचा थांबला. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आई मागे डाव्या बाजूलाच बसते, आणि स्पीडब्रेकर दिसला की बोलता बोलता हँडल धरते.